सातला खाली ठेवायचं रोप

४ ऑगस्ट, सोमवार

सूनबाईंस,

तुमच्या वकिलीणबाईंचं पत्र पोचलं. टपालवाल्याने सही घेऊन दिलं, समोरच्या दारातून दोन मुंडकी बाहेर आली आणि आत गेली, तेव्हा पोचलं की नाही याची काळजी नको. तेरा मेच्या संध्याकाळी मी घरात काय पाहिलं ते कोर्टात येऊन सांगावं, अशी तुझी इच्छा आहे म्हणे. इथेच सांगते. काही पाहिलं नाही. सात ते आठ माझा रेडिओ असतो, आणि तेव्हा मी खोलीचं दार लावून घेते. नऊ वर्षं एका घरात काढलीस, एवढं तुला माहीत असायला हवं. मी बाहेर आले तेव्हा तू फरशीवर बसली होतीस, भुवईच्या वरून रक्त येत होतं आणि खाली पाणी सांडलेलं होतं. पाय घसरून पडलीस.

पुढचं मात्र मी पाहिलं, कारण ते मीच केलं. जखम धुतली, कडा जुळवल्या, पाच चिकटपट्ट्या लावल्या. बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेला हात आहे हा. दवाखान्यात गेली असतीस तर कुण्या शिकाऊ डॉक्टरने तीन टाके घालून जन्माची खूण दिली असती. आता आरशात बघ. दिसतंय काही? त्याबद्दल आभाराचा एक शब्द नाही, वर ही नोटीस. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

माझा बाळ म्हणतो, भिंगरी त्याच्याकडे राहणार की तुझ्याकडे, हे माझ्या साक्षीवर ठरेल. ठरू दे. सात वर्षांची पोर एका शनिवारी येते, एका शनिवारी नाही, चार ते आठ. आपल्याच घरात पाहुणी. परवा पाणी पिताना मला विचारते, "आजी, पेला घेऊ का?" तिने असं विचारावं यासाठी मी तिला न्हाऊमाखू घातलं नव्हतं.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तू कपडे नेलेस, मुलगी नेलीस, चष्म्याच्या काचा घासायची तुझी ती छोटी हत्यारं नेलीस, आणि ते ऑर्किडचं झाड ठेवून गेलीस. त्याची कुंडी त्या दिवशी फुटली. भर फुलांत असलेला दांडा मधोमध मोडला. नऊ फुलं होती, मी मोजून केरात टाकली. खाली दोन गाठी राहतील एवढा दांडा ठेवून वरचा कापला आणि कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, तू लावायचीस तशी. मग पारदर्शक बरणीला भोकं पाडून त्यात बसवलं. झाड जिवंत आहे. न्यायचं असेल तर ने, नाहीतर त्याचं काय करायचं ते कळव. माझ्या गळ्यात नको.

— तुझी सासू, अजून तरी

३० ऑगस्ट, शनिवार

सूनबाई,

उत्तर नाही. बरं. तोंडात मूग धरून बसायचा मक्ता आजवर माझ्याकडे होता, आता तू घेतलास.

झाडाची बातमी वाईट आहे. कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला तुझा कागद मला परवा सापडला, तोवर मी रोज सकाळी पेलाभर पाणी घालत होते. आजाऱ्याला पाणी पाजतात, एवढंच मला ठाऊक. तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात लिहिलंय: मुळं हिरवी असतील तर पाणी नको, चांदीसारखी झाली की द्यायचं, पानांच्या बेचक्यात थेंब गेला तर कापसाने टिपायचा. मी थेट बेचक्यातच ओतत होते. बरणी उपडी केली तर निम्मी मुळं काळी आणि बोटाने दाबली की पिचणारी. सडलेल्या जखमेचा वास मला नवा नाही. काळं तेवढं कापलं, पुन्हा दालचिनी, नवी साल. माती घालत नाहीत हेही मला कागदावरूनच कळलं. सालीच्या तुकड्यांत जगणारं झाड! नखरे तरी किती असावेत.

एक गोष्ट मात्र कागदावर नाही. तू रोज सातच्या आधी कुंडी खिडकीतून उचलून शिवणयंत्रामागे जमिनीवर ठेवायचीस. मी पाहत होते ना. अंधार लागत असेल, नाहीतर खिडकीतला गार वारा सोसत नसेल. तेवढं मात्र मी एकही दिवस चुकवलेलं नाही. पावणेसात झाले की गुडघे धरून वाकते, बरणी यंत्रामागे ठेवते, सकाळी पुन्हा वर. हाडं कुरकुरतात. पण लिहायला हवं होतंस. बाकी सगळं लिहिलंस आणि हेच राहिलं.

आज भिंगरी आली होती. ऑर्किडकडे नुसतं पाहिलं, हात लावला नाही. बाळ तिला मांडीवर घेऊन बसला, तर ती अंग चोरून बसली, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी. हे तू शिकवलंस, असं तो म्हणतो. मीही तसंच म्हणते.

बाळाचा वकील मंगळवारी घरी येऊन गेला. साक्ष म्हणजे काही परीक्षा नव्हे, म्हणाला, चार वाक्यं आहेत. रेडिओ ऐकत होते. बाहेर आले. पाणी सांडलं होतं. घसरली. बाळ माझ्याकडून ती म्हणवून घेतो. जेवताना मध्येच विचारतो, "आई, काय ऐकत होतीस?" मी म्हणते, "रेडिओ." तो म्हणतो, "शाब्बास." लहानपणी मी त्याला पाढे म्हणायला लावायची, तेव्हा मीही असंच शाब्बास म्हणायची.

— सासू

१४ सप्टेंबर, रविवार

सूनबाई,

ठेवलेल्या दांड्याच्या खालच्या गाठीला कोंब फुटला होता. मला वाटलं, कळी. महिनाभर मी त्याच्याकडे मांजर दुधाकडे बघतं तसं बघतेय. आज भिंग घेऊन पाहिलं तर पानं निघाली. इवलीशी दोन पानं, तीही हवेत, दांड्यावर.

मी रोपवाटिकेत गेले. तिथला म्हातारा माळी हसला. म्हणाला, "बाई, ते पिल्लू आहे. आईला जबर दुखापत झाली की कधीकधी टाकते. मुळं दोन बोटं लांब झाली की वेगळं लावा." मी विचारलं, फुलं कशी येतील? म्हणाला, हे संकरित झाड, याचं बी रुजवलंत तर काय निघेल ते देव जाणे, पण पिल्लू अगदी आईसारखं, रंगात तसूभर फरक नाही.

घरी येईपर्यंत त्याचं बोलणं डोक्यात घोळत होतं. खाण तशी माती, असं आपण किती सहज म्हणतो. माझ्या बाळाची खाण कुठली, हे तू कधी तोंडावर विचारलं नाहीस, पण विचार केलाच असशील. याचे वडील भांडी फेकायचे. रोज नाही. आमची भांडी स्टीलची होती. पोचा पडायचा, फुटायचं काही नाही, म्हणून त्याचा कुणी हिशोब ठेवला नाही. मीही नाही. उचलायची, घासायची, मांडणीवर पोचा मागे करून लावायची. बाळ तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल, कोपऱ्यात बसून बघायचा. मला वाटायचं, लहान आहे, विसरेल.

हे सगळं तुला का लिहितेय कोण जाणे. तुला दया यावी म्हणून नाही. तुझी दया मला नको.

वॉर्डात बायका यायच्या. कुणाचा हात, कुणाचा गाल, कुणाची बरगडी. विचारलं की म्हणायच्या, घसरले. मी केसपेपरवर लिहायची, "पाय घसरून पडली". किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. घसरलेल्या बाईचे तळहात खरचटतात, कोपर फुटतं, माकडहाड दुखतं. भुवईच्या वर सरळ चिरलेलं नसतं. हे मला कुणी शिकवायला नको. तुझे तळहात मी त्या संध्याकाळी पाहिले होते. ओरखडाही नव्हता.

पण माणूस एकदा चुकतो. एका संध्याकाळसाठी माझ्या मुलाला पोटच्या पोरीपासून तोडायचं? लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात दिवसभर लोंबकळून येतो तो. एकदा डोकं फिरलं. एकदाच. एवढं तरी तू पोटात घालायला हवं होतंस. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे पत्र वकिलीणबाईंना दाखवलंस तर मी लिहिलंच नाही म्हणेन.

— सासू

१२ ऑक्टोबर, रविवार

मुली,

काल भिंगरीचा शनिवार होता. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. केसपेपरसारखं.

साडेचारला बाळाला फोन आला, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, माणसं आत. तो गेला. आम्ही दोघीच उरलो. तिने चित्रं काढली, मी तिची वेणी पुन्हा घातली. तुझी वेणी सैल असते, पण ते जाऊ दे. पिल्लाला आता चार पानं आहेत आणि दोन मुळं, करंगळीच्या पेराएवढी. ती तिला दाखवली. खूश झाली. त्याला "बाबू" म्हणाली.

पावणेसातला मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, तर ती म्हणाली, "आजी, तू बस. मी ठेवते." दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरली, जरा सुद्धा न हलवता, आणि यंत्रामागे ठेवली. मग परत येऊन टेबलावरच्या दोन कपबश्या उचलल्या आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात आत सरकवल्या. फुलदाणीही. मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "शहाणी गं माझी बाय. झाडाला अंधार लागतो ते लक्षात आहे तुझ्या."

ती म्हणाली, "अंधाराचं नाही गं आजी. बाबा येतात ना सातला."

मी म्हटलं, "मग?"

"वर असलं की फेकता येतं."

माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच लहान आहे. "आई रोज ठेवायची. कधी मी ठेवायचे. स्टीलचं वर राहिलं तर चालतं. तुला माहीत नव्हतं?"

तिने विचारलं, "मग तू का ठेवतेस रोज?"

काय सांगू सांग? पाच महिने गुडघे मोडून मी झाडाची सेवा म्हणून जे करत होते ते हे होतं. आणि त्याआधी कित्येक वर्षं तू ते माझ्या डोळ्यांदेखत करत होतीस, आणि मी समोरच्या बाईला कौतुकाने सांगायची, आमच्या सुनेचं टेबल सातच्या आत लख्ख असतं. एकदाच, एकदाच असं मी लिहिलं होतं ना? फाडून टाक ते पत्र. नको, ठेव. लागेल.

आता रेडिओचं. रेडिओ सातला लागतो. तेरा मेला बाळ साडेसहाला आला, म्हणूनच झाड खिडकीत होतं आणि म्हणूनच तुला वेळ मिळाला नाही. रेडिओ लागलाच नव्हता. माझं दार उघडं होतं, मी पलंगावर बसून मोजे जोडीने लावत होते, आणि समोर खिडकी. जेवणाचा डबा तू सकाळी द्यायला विसरलीस, एवढंच कारण होतं. कुंडी त्याने दोन्ही हातांनी उचलली. मी पाहिली. मला हाक मारता आली असती, एवढा वेळ होता. मी हाक मारली नाही. हातातले मोजे जोडीने लावून खाली ठेवले आणि मग उठले.

इतर दिवशी रेडिओ मी का लावायची? भिंतीतून आवाज यायला लागले की बटण पिळून रेडिओ मोठा करायची. बटण माझ्याच हातात होतं.

"घसरली" हा शब्द त्याने मला शिकवला, असं मी तुला भासवलं. उलटं आहे. त्या संध्याकाळी तो नुसता उभा होता, पांढराफटक. मीच म्हटलं, "पाणी सांडलंय, घसरली ती." मग तो म्हणाला, "हो, घसरली." दवाखान्यात नको, घरातलं घरात राहू दे, हेही मीच म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी पट्ट्या मोजत होते.

माफी मागत नाही. तू देणार नाहीस, आणि दिलीस तर मला तुझा राग येईल. कोर्टात येईन. एवढंच.

— आजी

८ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरीच्या आईस,

कोर्टात तू समोरच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. तरी मला लिहायचंय, कारण तिथे मला फक्त विचारलं तेवढंच बोलता आलं.

बाळाच्या वकिलाने मला पहिलं वाक्य काढून दिलं. "तुम्ही रेडिओ ऐकत होता?" मी म्हटलं, नाही. बाळाने मान वर केली. पाढा चुकल्यावर मी जशी त्याच्याकडे बघायची, तसं बघितलं माझ्याकडे. मग मी सगळं सांगितलं, कुंडी, मोजे, बटण, यंत्रामागची जागा. वकील भला हुशार. म्हणाला, एवढी मोठी जखम, तर व्रण कुठे आहे? तुला उजेडात उभं केलं. न्यायाधीशबाई चष्मा काढून पुढे वाकल्या. काही दिसेना. तेव्हा मी म्हटलं, "दिसणार नाही. मी राहू दिला नाही. बत्तीस वर्षांचा हात आहे माझा."

बाहेर व्हरांड्यात तू माझ्याजवळ आलीस. वाटलं, काही बोलशील. बोललीस. "आई, साक्षीतसुद्धा तुम्ही आपल्या हाताचं कौतुक करून घेतलंत." आणि गेलीस. आठ दिवस मी त्या वाक्याला उत्तर शोधतेय. ते वाक्य खरं आहे. वॉर्डात चार जणींच्या भुवयांवरचे व्रण असे पुसले की वाटायचं, आपण बायकांचं भलं केलं.

काल निकाल आला. भिंगरी तुझ्याकडे. तिचे वडील तिला महिन्यातून एकदा कोर्टाच्या खोलीत, कोर्टाने नेमलेल्या बाईंच्या देखत भेटतील. त्या खोलीत आजीला जाता येत नाही, मी विचारून आले. म्हणजे आज तिचा शनिवार होता आणि चार वाजता दार वाजलं नाही. मी कबूल करते की साक्ष देताना हे मला माहीत होतं, आणि आज दुपारी तीनपासून मी ती दिल्याचा पस्तावा करत होते. चार वाजून गेल्यावर थांबले. दुःख व्हायचं ते झालंच. तुझ्यावर राग आहे, तोही आहे. तू मला आधी कधीच का सांगितलं नाहीस, असं म्हणणार होते. मग आठवलं, सांगायला तू दोनदा माझ्या दाराशी आली होतीस, आणि मी बोटाने खुणावलं होतं की बातम्या लागल्यात.

बाळ माझ्याशी बोलत नाही. जेवतो, ताट तिथेच ठेवतो, जातो. महिनाअखेर खोली बघ म्हणाला. माझ्याबरोबर वॉर्डात असलेली एकजण एकटी राहते, तिच्याकडे जाईन. तिच्याकडे पूर्वेची खिडकी आहे, विचारून घेतलंय.

पिल्लू वेगळं केलं. मुळं दोन बोटं झाली होती. कात्री विस्तवावर धरून घेतली, कापलं, दालचिनी लावली, छोट्या पारदर्शक पेल्यात बारीक सालीत बसवलं. वकिलीणबाईंच्या टेबलावर ठेवून येईन. नको असेल तर त्यांनाच देऊन टाक, भिंगरीला मात्र विचार, तिने त्याचं नाव ठेवलंय. सोबत तुझा जुना कागद देत नाही, तो मी ठेवला. नवा लिहिलाय, मोठ्या अक्षरात, तिला वाचता यावा म्हणून. मुळं चांदीसारखी झाली की पाणी. बेचक्यात नाही. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. शेवटी लिहिलंय: संध्याकाळी उचलावं लागत नाही, खिडकीतच राहू दे.

खरं सांगायचं तर भिंगरीने कारण सांगितल्यावरही मी बरणी उचलत राहिले. पूर्वी झाडासाठी उचलायची, मग भीतीने. रोज पावणेसातला आपोआप वाकायची. चार आठवडे. तू किती वर्षं, ते मला विचारवत नाही.

आता सात वाजायला दोन मिनिटं आहेत. टेबलावर माझा चहाचा कप आहे, चिनी मातीचा. झाड खिडकीत आहे. रेडिओ लावलेला नाही आणि माझं दार उघडं आहे. जिन्यावर पावलं वाजतायत, ओळखीची.

— भिंगरीची आजी